तामिळनाडू ९ दिवसांत: नकाशा बाजूला ठेवा, आधी घड्याळ बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. चेन्नई, कांची, महाबलीपुरम, पाँडिचेरी, चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर, मदुराई, रामेश्वरम आणि कन्याकुमारी, जानेवारीत ९ दिवस, बरोबर ७१ वर्षांचे बाबा, ६७ ची आई, बायको आणि ८ वर्षांची मुलगी, गाडी घ्यावी की ट्रेन, आणि हे सगळं बसेल का. बसणार नाही. म्हणजे गाडीच्या काचेतून बसेल, हॉटेलं बदलत बदलत बसेल, पण सहाव्या दिवशी आई म्हणेल मी रूमवरच थांबते, तुम्ही जाऊन या. मी गेली पंधरा-सोळा वर्षं पुण्यातून ८-१० जणांचे छोटे ग्रुप तिकडे नेते आणि हे वाक्य किती वेळा ऐकलंय ते मोजायचं सोडून दिलंय.

पण तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ लिहिलीये ना, की बाबांना तंजावरच्या देवळातला मराठी शिलालेख बघायचाय, आईला कांजीवरम मागावर विणताना बघून घ्यायची आहे आणि मुलीला समुद्र हवाय, तर माझ्या मते खरा प्रश्न ती ओळ आहे, वरची दहा नावं कुठल्यातरी पॅकेजच्या जाहिरातीतून आलेली वाटतात. आणि गंमत म्हणजे या तिन्ही गोष्टी एकाच पट्ट्यात आहेत. चेन्नईला उतरायचं, किनाऱ्याने खाली यायचं, कावेरीच्या खोऱ्यात शिरायचं आणि त्रिचीहून परत. मदुराई, रामेश्वरम आणि कन्याकुमारी काढून टाका. मदुराईची मीनाक्षी एवढी मोठी आहे की तिला दोन दिवस द्यायचे नसतील तर जाऊच नये असं मला वाटतं, आणि रामेश्वरम ते कन्याकुमारी हा एक अख्खा दिवस नुसता गाडीत जातो.

एक अपवाद मात्र आहे. तुमच्या घरात काशीहून आणलेलं गंगाजल देवघरात ठेवलेलं असेल आणि बाबांच्या मनात ते रामेश्वरला वाहायचं असेल, तर हे माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा, थेट मदुराईला विमानाने जा, चार दिवसांत मदुराई आणि रामेश्वरम निवांत करा आणि परत या. ती यात्रा वेगळी, ही वेगळी. बाबांना एकदा स्पष्ट विचाराच, कारण या वयाची माणसं आपण होऊन बोलत नाहीत आणि घरी आल्यावर मग गप्प गप्प राहतात.

आता मुख्य मुद्दा, आणि हा कळला की बाकीचं प्लॅनिंग तुमचं तुम्हीच कराल. तिथली चालती देवळं साधारण पहाटे साडेपाच-सहाला उघडतात आणि दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात, ती थेट चारच्या पुढे उघडतात आणि मग रात्री साडेआठ-नऊपर्यंत. आपल्याकडे दिवसभर कधीही गेलं तरी दर्शन होतं या सवयीने आपण प्लॅन करतो आणि तिथेच फसतो. पहिल्याच वर्षी मी ११ जणांना घेऊन चेन्नईहून आरामात नाश्ता वगैरे करून निघाले आणि कांचीला एका मोठ्या देवळापाशी १२.२५ ला पोचले. तो भला मोठा लाकडी दरवाजा आमच्या डोळ्यांदेखत बंद झाला. बाहेर दगडी फरसबंदी तापलेली, चपला आधीच स्टँडवर काढून दिलेल्या, आणि ग्रुपमधले एक रिटायर्ड काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, एवढ्या लांब आणून दार दाखवलंत." त्या दिवसापासून मी आधी वेळा लिहिते आणि मग त्यात गावं भरते.

म्हणजे दिवस असा पडतो: पहाटे देऊळ, साडेआठ-नऊला नाश्ता, मग दहा ते साडेबारा एखादा कारागीर किंवा संग्रहालय, जेवण, दुपारी एकतर झोप नाहीतर एका गावाहून दुसऱ्या गावी प्रवास, आणि पाचनंतर पुन्हा देऊळ. दुपारी कारागिराकडे जाऊ असं पुष्कळ जण म्हणतात पण अहो तीही माणसंच आहेत, एक ते तीन ती जेवतात आणि आडवी होतात. संध्याकाळचं देऊळ कधीही चुकवू नका. तेव्हा दगड निवलेला असतो, दिवे लागलेले असतात, नादस्वरम आणि तविल (तिकडची सनई आणि ढोल) चालू असतं, गावातली माणसं ऑफिसातून परस्पर येऊन टेकलेली असतात, आणि आई-बाबांना कुणीतरी सरकून बसायला जागा देतं. सकाळी बघितलेलं तेच देऊळ संध्याकाळी ओळखू येत नाही. पायात घालायला जाड सुती मोजे मात्र घेऊन जा, आईबाबांसाठी तर नक्कीच, जानेवारीतही अकराच्या पुढे ग्रॅनाइट चटके देतो.

जानेवारीबद्दल. हवा उत्तम, कारण त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आपल्या उलट. पण पहिला पंधरवडा टाळा. मकरज्योतीपर्यंत शबरीमलैचे काळ्या कपड्यांतले भक्त बसेस भरभरून वाटेतली सगळी देवळं करत असतात, आणि १४ जानेवारीपासून पोंगलचे तीन-चार दिवस माग बंद, भट्ट्या बंद, ड्रायव्हर मिळायची मारामार. मुलीला दारोदारच्या पोंगलच्या रांगोळ्या बघायला मिळतील हे खरं, पण आईची साडी राहील. २० तारखेच्या पुढे निघा. फक्त तैपूसम हा मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा, सण कधी येतोय ते बघून ठेवा, तो जानेवारी शेवट किंवा फेब्रुवारीत येतो आणि मुरुगनच्या देवळांना तेव्हा तुफान गर्दी असते, आणि आपल्या वाटेतलं स्वामीमलै हे मुरुगनचंच ठिकाण.

गाडी की ट्रेन, तर पाच माणसं आणि त्यातली दोन वयस्कर, म्हणजे गाडीच. चेन्नईहून ड्रायव्हरसकट मोठी गाडी घ्या आणि त्रिचीला सोडा, रिकामी परत जायचे पैसे लावतील ते द्या. किलोमीटरवर दर असतो, रोजचे किमान किलोमीटर धरतात (बहुतेक २५०), त्यावर ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. तुमचे रोजचे किलोमीटर त्यापेक्षा कमीच होतील, त्यामुळे घासाघीस करायला वाव आहे. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगून टाका की दुकानं आम्ही ठरवू. तो वाईट नसतो हो, पण त्याला कमिशन असतं आणि ते शेवटी साडीच्या किमतीतच येतं.

आता वाट. पहिल्या दिवशी चेन्नईला उतरून थेट महाबलीपुरम, ५५-६० किलोमीटर, चेन्नई शहर मी ज्येष्ठांबरोबर करतच नाही. तिथे दोन रात्री. महाबलीपुरमची बहुतेक स्मारकं पुरातत्त्व खात्याची आहेत त्यामुळे दुपारी बंद नसतात, पण सावली अशी नाही, म्हणून इथेही सकाळ-संध्याकाळच. किनाऱ्यावरचं देऊळ आठव्या शतकाच्या सुरुवातीचं, पल्लव राजा राजसिंहाच्या काळातलं, त्याच्या आधीचे पाच रथ (दगडात कोरलेली रथासारखी देवळं) आणि तो प्रचंड कोरीव कातळ सातव्या शतकातला. कातळावर मुलीला एक मांजर शोधायला सांगा, पुढचे पंजे वर धरून तप करणारं, आणि त्याच्या पायाशी उंदीर. माझ्या ग्रुपमधली मोठी माणसं हत्तींचे फोटो काढत बसतात आणि मांजर नेहमी पोरांनाच सापडतं. गावात रस्त्याच्या कडेला आजही छिन्नीचा आवाज चालू असतो, शिल्पकलेचं सरकारी कॉलेज इथे १९५७ पासून आहे. दगडी मूर्ती घ्यायची तर ओंजळीत मावेल एवढीच घ्या, विमानात वजन भरताना डोळे पांढरे होतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून कांची. ६५ किलोमीटर आहे पण पावणेदोन तास धरा. आधी कैलासनाथ, गर्दी नसते, वाळूच्या दगडाचं, गाभाऱ्याभोवती आवाराच्या भिंतीला लागून छोट्या छोट्या देवळ्या, काहींमध्ये जुन्या रंगाचे तुकडे अजून टिकलेत. मग एकांबरेश्वर किंवा वरदराज, दोन्हीपैकी एकच. आणि दहाला मागावर.

साडीचं जरा सविस्तर सांगते कारण इथे पैसे जातात. तुमच्या आईला पैठणी कळत असणार, तर तिला तिथूनच सांगा. पैठणीचा पदर हाताने रंगीत धागे घालत विणतात त्यामुळे उलटा-सुलटा जवळजवळ सारखा दिसतो. कांजीवरमचं तसं नाही, तिचं खरं कसब काठात आहे. काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांचे असतात आणि ते विणतानाच एकमेकांत गुंतवलेले असतात, त्याला ते कोरवै म्हणतात. त्यासाठी तीन धोटे लागतात आणि बहुतेक वेळा दोन माणसं, एक विणकर आणि दुसरा शेजारी बसून एका बाजूच्या काठाचा धोटा फेकणारा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो दुसरा माणूस म्हणजे विणकराची बायको होती, एकीकडे सुनेला स्वयंपाकाचं काहीतरी सांगत होती आणि हात मात्र बरोबर त्या ठोक्यावर. पदर अंगाला जोडतात तिथेही वेगळा जोड असतो, पेटणी, साडी उलटी करून तिथे बोट फिरवलं की बारीक उंचवटा लागतो. काठ आणि अंग जिथे मिळतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी रेष बघा. कोरवै नसलेली साडीही अस्सल रेशमी असू शकते, फसवणूक असं नाही, पण मग किंमत कोरवैची देऊ नका.

साडीतली जर, म्हणजे तो सोनेरी धागा, लाल रेशमावर चांदीची तार गुंडाळून त्यावर सोन्याचा मुलामा, निदान अस्सल जर तरी अशी असते. सुट्टा धागा मागून नखाने खरवडला की आत लाल दिसायला हवं. पांढरा किंवा भलताच चकचकीत धागा आला तर तशी जर स्वस्तातली. सिल्क मार्कचं लेबल बघा, पण ते लेबल रेशीम खरं आहे एवढंच सांगतं, जर कसली किंवा माग हाताचा की यंत्राचा ते सांगत नाही, इथे शिकलेसवरलेले लोकही गोंधळतात. मी विणकरांच्या सहकारी सोसायट्यांच्या दुकानात नेते, तिथे डिझाइन जरा जुनाट असतात, एसी नसतो, बिल मात्र सरळ असतं. आणि मागावर बघितलेली साडी त्याच क्षणी मिळेल अशी आईची समजूत असेल तर ती आधीच दूर करा, ती बहुतेक कुणाच्या तरी ऑर्डरची असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाच रथ करून दहाला निघा, पाँडिचेरीत जेवण, समुद्राकडच्या पिवळ्या भिंतींच्या गल्ल्यांमधून तासभर फिरणं आणि साडेतीनला पुढे. पाँडिचेरीला रात्र काढायची की नाही यावर लोक माझ्याशी भांडतात. तुम्ही दोघंच असतात तर मी तीन दिवस राहा म्हटलं असतं. आईबाबांबरोबर मात्र अजून एकदा बॅगा उघडून भरणं टाळलेलं बरं, आणि त्याच संध्याकाळी चिदंबरमला पोचता येतं हे जास्त मोलाचं आहे.

चिदंबरमला एक रात्र नक्की. आवार ४० एकरांच्या आसपास, आत शिवाचं लिंग नाही तर नाचणारा नटराज, आणि त्याच्या शेजारी पडद्याआड काहीच नाही, नुसती सोन्याच्या बेलाच्या पानांची माळ, म्हणजे आकाशतत्त्व, त्याला रहस्य म्हणतात. पडदा सरकवतात तेव्हा सगळे मान उंचावून बघतात आणि दिसत काहीच नाही, तेच तर बघायचं. सोन्याच्या कौलांचं छत आहे, २१,६०० कौलं सांगतात, माणसाच्या एका दिवसातल्या श्वासांइतकी. गोपुरांच्या आत नाट्यशास्त्रातली १०८ करणं कोरलेली आहेत, मुलगी भरतनाट्यम किंवा कथ्थक शिकत असेल तर तिथे अर्धा तास जाणार. हे देऊळ दीक्षितर म्हणवणाऱ्या पुजारी घराण्यांच्या हातात आहे, डोक्याच्या एका बाजूला शेंडी बांधतात, लगेच ओळखू येतात. कुणी वही पुढे करून देणगी मागितली तर द्यायचे असतील तेवढे द्या, नको असेल तर हात जोडून पुढे जा, कुणी अडवत नाही. पुरुषांना सभेपाशी, म्हणजे नटराजाच्या गाभाऱ्यापाशी, वर जायचं तर शर्ट काढावा लागतो, बाबांना आधी सांगून ठेवा आणि पांढरी लुंगी किंवा धोतर बरोबर ठेवा, सगळीकडे उपयोगी पडतं. मोबाइल बऱ्याच देवळांत बाहेर ठेवावा लागतो, सुटे पैसे वेगळ्या पाकिटात.

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा देऊळ आणि मग मुलीचा समुद्र. ५० किलोमीटरवर तरंगंबाडी. इथे येणारे कमी, म्हणूनच मला आवडतं. डेन्मार्कच्या लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायक राजाकडून परवानगी घेऊन इथे किल्ला बांधला, डान्सबोर्ग, फिकट पिवळ्या रंगाचा आणि अगदी वाळूवर, आणि १८४५ मध्ये सगळं गाव इंग्रजांना विकून निघून गेले. शेजारी एक पांड्यकालीन शंकराचं देऊळ आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्याचा पुढचा भाग समुद्राने खाल्लाय. २००४ च्या त्सुनामीचा तडाखा या किनाऱ्याला फार मोठा बसला, कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना जरा जपून. पाण्यात मुलीला गुडघ्यापुढे सोडू नका, बंगालचा उपसागर आपल्या गणपतीपुळ्यासारखाच दगाबाज आहे.

आणि इथून बाबांच्या शिलालेखाचा धागा सुरू होतो, म्हणून हे गाव मी सहसा वगळत नाही. १७०६ मध्ये इथे जर्मन मिशनरी आले, त्यांनी छापखाना आणला आणि तमिळ भाषेत पुस्तकं छापली. त्याच मिशनमध्ये १७५० ला श्वार्ट्झ नावाचा माणूस आला, पुढे तंजावरला गेला आणि तिथल्या भोसले घराण्यातल्या तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या छोट्या सरफोजीचा शिक्षक-पालक झाला. सरफोजीराजे १७९८ ला गादीवर बसले, त्याच वर्षी श्वार्ट्झ वारला. राजांनी त्याच्यासाठी लंडनहून संगमरवरी शिल्प करवून घेतलं, मरणशय्येवरचा गुरू आणि शेजारी उभा राजा, ते तंजावरच्या शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये आजही आहे. मराठी राजा, जर्मन गुरू, डॅनिश मिशन, तमिळ गाव. हे तंजावरला गेल्यावर सांगून कळत नाही, समुद्रावर सांगितलं की बरोबर लागतं. वेळ आणि अंगात ताकद असेल तर अजून खाली नागोरचा दर्गा आहे, त्याचा सर्वांत उंच मिनार, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसले राजांनी बांधून दिलाय. तुमच्या प्लॅनमध्ये तो बसेलच असं मी म्हणत नाही.

संध्याकाळपर्यंत कुंभकोणम आणि तिथे सलग तीन रात्री. एवढ्या का, तर इथून सगळं हाताशी आहे: दारासुरम चार किलोमीटर, स्वामीमलै आठ, गंगैकोंडचोळपुरम ३५. बॅगा उघडून ठेवा, आईला एक दिवस नुसतं बसू द्या, पितळेच्या डबरा-टंबलरमधली (वाटी-पेल्यातली) डिग्री कॉफी पाजा. पितळी भांडी घ्यायची असतील तर ती इथेच. दारासुरम पहाटे करा, बाराव्या शतकातलं, चोळ राजा दुसऱ्या राजराजाचं, रथासारखा मंडप आणि दगडात इतकं बारीक काम की एकेका खांबापाशी लोक थबकतात. हत्ती आणि बैल यांचं एकच सामाईक डोकं असलेलं शिल्प आहे, अर्धं झाकलं की हत्ती, दुसरं अर्धं झाकलं की बैल. गंगैकोंडचोळपुरम दुसऱ्या दिवशी सकाळी, राजेंद्र चोळाचं, हिरवळ मोठी, माणसं कमी, आणि शंकर आपल्या हाताने चंडेश भक्ताच्या डोक्याला फुलांची माळ गुंडाळतोय ते शिल्प शोधाच.

दारासुरमहून नाश्ता करून स्वामीमलैला जा. पंचरशी मूर्ती करणारे स्थपती इथे पिढ्यान्पिढ्या आहेत, कारण कावेरीच्या काठची गाळाची माती इतकी बारीक की मेणावरची बोटाची रेषसुद्धा साच्यात उतरते. बघण्यासारखं काय, तर सुरुवात. स्थपती नारळाच्या झावळीची एक लांब पट्टी घेतो, मूर्तीच्या उंचीएवढी कापतो आणि घड्या घालून तिचे भाग पाडतो. कपाळ एवढं, नाक एवढं, गळा एवढा, सगळी मापं त्या घड्यांवरून, शास्त्रातल्या तालमानाने. हातात फूटपट्टी नाही. मग मेण आणि राळ यांचं मिश्रण गरम तवलीतून काढून बोटांनी वळतो, मऊ पडलं की पाण्यात बुडवतो, परत वळतो. वर मातीचे थर, वाळवणं, भट्टी, मेण वितळून बाहेर आणि त्या पोकळीत धातू. शेवटी साचा फोडतात, त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती. आमच्याबरोबरच्या एका काकूंनी विचारलं की फुटताना काही चुकलंय असं दिसलं तर? स्थपती हसला आणि कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवलं, परत वितळवायच्या मूर्तींच्या.

इथे मीच एकदा फसलेली आहे. कारखान्यात सगळं बघितलं आणि घाईत मूर्ती मात्र हायवेवरच्या दुकानातून घेतली, दुकानदार स्वामीमलैचीच म्हणाला. घरी आल्यावर बघते तर आतून पोकळ, तळाला साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण, साधी पितळी ओतकामाची. इथली खरी मूर्ती भरीव असते, हाताला चांगलीच जड लागते, आणि दागिन्यांच्या, बोटांच्या कडा छिन्नीने काढलेल्या असतात, चेहरा गुळगुळीत पण एकसुरी नसतो. मागे वळवून बघा, फसवी मूर्ती पाठीत सापडते. समई हवी असेल तर जवळच नाच्चियारकोविल नावाचं गाव त्यासाठीच आहे, तुकड्यातुकड्यांत उघडते त्यामुळे बॅगेत बसते.

इथपर्यंतचा हिशोब करायचा तर दोन रात्री महाबलीपुरम, एक चिदंबरम, तीन कुंभकोणम, आणि उरलेल्या दोन तंजावर. चार हॉटेलं, आठ रात्री, रोजची गाडी जास्तीत जास्त चार-साडेचार तास. नवव्या दिवशी सकाळी त्रिचीला जाऊन श्रीरंगम आणि दुपारनंतरचं विमान. श्रीरंगम जमलं नाही तर जाऊ दे, शेवटच्या दिवशी कुणालाच धावायला लावू नका.

तंजावरला दुपारी पोचा आणि मोठं देऊळ आधी संध्याकाळीच बघा, शिखरावरचं ऊन उतरताना. पहिल्या राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलं, उंची २१६ फूट सांगतात, ग्रॅनाइटचं, आणि आसपास ग्रॅनाइटची खाण नाही. त्या संध्याकाळी शिलालेख शोधू नका, बाबांना नुसतं हिरवळीवर बसू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळचा वेळ शिलालेखाचा. आवाराच्या कडेने ज्या लांब ओवऱ्या आहेत त्यांच्या भिंतीवर, मागच्या बाजूला, सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास कोरून घेतलाय, देवनागरी अक्षरात, मराठीत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास इथे गादीवर आले आणि १८५५ पर्यंत हे राज्य कागदोपत्री का होईना चाललं, त्या घराण्याची ही कैफियत. लोक येतात, फोटो काढतात, जातात. वाचायला बसलात तर पहिली दहा मिनिटं काही लागत नाही, शब्द सलग आहेत, वळण जुनं आहे, आणि मग एकदम एखादं नाव लागतं, मग दुसरं, मग वाक्यच सुटतं. आमच्याबरोबर एकदा कराडचे निवृत्त मास्तर होते, ते मोठ्याने वाचायला लागले, बोट अक्षरांपासून वीतभर लांब धरून, हात न लावता. शेजारून जाणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई थांबल्या, नऊवारीच्या जवळ जाणारं नेसण, आणि मराठीतच बोलायला लागल्या, हेल पूर्ण तमिळ आणि शब्द आपल्या पणजीचे. पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेलं घर. मास्तर आणि त्या बाई अर्धा तास बोलत होत्या आणि आम्ही सगळे नाश्ता विसरलो.

नंतर राजवाडा आणि सरस्वती महाल. ग्रंथालयाचा संशोधनाचा भाग तुम्हाला आत बघता येणार नाही, संग्रहालयाचं दालन बघता येतं. तीन हजारांच्या घरात मराठी हस्तलिखितं आहेत, शिवाय मोडी कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. मुलीला सांगण्यासारखं म्हणजे सरफोजीराजांनी तंजावरला देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, पुण्या-मुंबईत मराठी छपाई नीट रुळायच्या आधी. आणि सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं ही गोष्ट गाइड सांगेलच, ऐकायला छान आहे, तिचा कागद मी तरी बघितलेला नाही.

तंजावर चित्रं राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत दिसतील. फणसाच्या लाकडाची फळी, त्यावर कापड, खडूच्या पुडीच्या आणि डिंकाच्या लेपाने उठाव, वर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. वर्ख सोन्याचा आहे का हे विचारा आणि बिलावर तसं लिहून घ्या, लिहायला का-कू करत असतील तर उत्तर मिळालं. आई साडीवर आधीच खर्च करून बसलेली असणार, त्यामुळे इथे मुलीला मान हलवणारी तंजावर बाहुली घेऊन सोडवून घ्या.

बाबांसाठी एक शेवटचं. शिलालेखाला आठच्या आत पोचा, नंतर शाळांच्या सहली येतात आणि उभं राहायला मिळत नाही. चष्म्याबरोबर एक छोटं भिंग आणि बसायला घडीचं स्टूल न्या, आणि परतीचा नाश्ता किती वाजता हे त्यांना विचारू नका.